पहिल्या बारा आठवड्यांतली वार: रक्त आणण्याआधी रक्त अडवणारा अवयव

बाळाला आईचं रक्त वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, मिळतं, हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून तर आजीपर्यंत सगळे सांगतात, पण त्यात दोन गोष्टी जुळत नाहीत. पहिली म्हणजे आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळतच नाही, नऊ महिने दोन्ही शेजारी शेजारी वाहतात आणि मधे एक पातळ थर असतो, त्या थरातून ऑक्सिजन, साखर वगैरे इकडून तिकडे जातं. ही तशी जुनी माहिती आहे, विल्यम हंटर आणि त्याचा भाऊ जॉन यांनी अठराव्या शतकात मरण पावलेल्या गरोदर बायकांच्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये मेण भरून पाहिलं होतं, ते मेण वारेच्या पोकळीत पोचलं पण बाळाच्या रक्तवाहिन्यांत शिरलं नाही, विल्यमची त्यावरची चित्रं १७७४ मध्ये छापून आली. दुसरी गोष्ट मात्र बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते. पहिले आठ-दहा आठवडे वार आईचं रक्त आत घ्यायचं काम करतच नाही, उलट ती ते अडवून धरते. आणि ते अडवणं कसं जमलं यावर पुढचं बरंच काही ठरतं, सातव्या-आठव्या महिन्यात बीपी वाढतं का, बाळाचं वजन भरतं का, हे सुद्धा.

मी नागपुरात हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. धंतोली, रामदासपेठकडून येणाऱ्या डब्यांमध्ये पीओसी लिहिलेले छोटे डबे रोजचेच असतात, म्हणजे गर्भपात झाल्यावर किंवा पिशवी साफ केल्यावर निघालेला भाग. त्याचे तुकडे कॅसेटमध्ये घालायचे, प्रोसेसिंग झालं की मेणाचा ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर चार मायक्रॉनची चकती कापायची, रंगवायची आणि स्लाइड पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे द्यायची, हे माझं काम. रिपोर्ट घ्यायला कधी नवरा येतो, कधी सासू, पण ती स्वतः आली ना की बहुतेक वेळा एकच विचारते, माझं काही चुकलं का. पपई खाल्ली होती, स्कूटीवरून खड्ड्यातून गेले होते, पाण्याची बादली उचलली होती. मी डॉक्टर नाही, रिपोर्टबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, म्हणून तिथे गप्प बसावं लागतं. पण वार कशी बनते हे शिकायला आणि सांगायला कोणाची बंदी नाही, आणि मला वाटतं हे प्रत्येक बाईला माहीत असायला पाहिजे, म्हणून इतकं लिहून राहिली आहे.

आधी हिशोब क्लिअर करून घेऊ, नाहीतर पुढे गोंधळ होतो. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आणि गर्भ राहतो त्याच्या साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे सोनोग्राफीवाले आठ आठवडे म्हणतात तेव्हा गर्भ खरं तर सहा आठवड्यांचा असतो. खाली मी जिथे दिवस लिहिलेत ते गर्भ राहिल्यापासूनचे, आणि जिथे आठवडे लिहिलेत ते डॉक्टरांच्या हिशोबाचे.

तर पाचव्या दिवसाच्या आसपास गर्भ म्हणजे पेशींचा एक पोकळ गोळा असतो, डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल एवढा, त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. त्यात तोपर्यंत पहिली वाटणी झालेली असते. आतल्या बाजूला थोड्या पेशींचा पुंजका, ज्यातून पुढे बाळ होणार, आणि बाहेरचं सगळं आवरण म्हणजे ट्रोफोब्लास्ट, ज्यातून वार होणार. लक्षात घ्या, डोकं, हृदय, हात-पाय कशाचाच पत्ता नाही आणि वारेच्या पेशी आधी वेगळ्या निघाल्या. बाळाआधी बाळाची सोय. आणि ही वार मुख्यतः बाळाचीच आहे, आईची नाही, तिच्यात आईचे जसे अर्धे जीन्स तसे बापाचेही अर्धे. उलट बापाकडून आलेल्या जीन्सचा वारेच्या वाढीवर फार जोर असतो. कधी कधी असं होतं की बीजांडातला आईचा डीएनए नाहीसाच होतो आणि सगळा डीएनए फक्त बापाकडचा राहतो, तेव्हा बाळ बनत नाही पण वारेची मात्र बेसुमार वाढ होते, सगळं पाण्याने फुगलेलं. त्याला आपल्याकडं द्राक्षगर्भ म्हणतात. असा डबा आला तर तो आम्ही घाईने पुढे काढतो, कारण त्यानंतर त्या बाईच्या एचसीजीच्या, म्हणजे प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दिसणाऱ्या हार्मोनच्या, टेस्ट परत परत करून ते पूर्ण उतरलं की नाही हे पाहणं फार गरजेचं असतं, तिने कंटाळून फॉलोअप सोडला तर कॅन्सरचा धोका राहू शकतो.

सहाव्या-सातव्या दिवशी हा गोळा गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो. चिकटल्यावर बाहेरच्या पेशी एक विलक्षण गोष्ट करतात, आपल्यामधल्या भिंती काढून टाकतात आणि एकमेकींत विरघळून एकच मोठा थर होतो, ज्यात न्यूक्लियस असंख्य पण पेशींच्या सीमा नाहीतच. त्याला सिंसिशियम म्हणतात. सीमाच नाहीत म्हणजे दोन पेशींच्या फटीतून आत घुसायलाही जागा नाही, ना आईच्या रोगप्रतिकारक पेशींना, ना बहुतेक जंतूंना. आणि पेशींना असं एकजीव करणारं प्रोटीन आलं कुठून, तर एका व्हायरसकडून! कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना एका रेट्रोव्हायरसचं इन्फेक्शन झालं, त्याचा डीएनए आपल्या डीएनएत कायमचा बसला, आणि ज्या प्रोटीनने तो व्हायरस पेशीला चिकटून आत शिरत असे तेच प्रोटीन आज वार वापरते. सिन्सिटिन नाव आहे त्याचं, हे २००० साली समोर आलं. आपल्या डीएनएचा साधारण आठ टक्के भाग असाच जुन्या रेट्रोव्हायरसांचा आहे, त्यातला बराचसा नुसता पडून आहे पण हा तुकडा नसता तर माणसाची वार अशी बनलीच नसती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

हा थर मग अस्तरात खोल शिरत जातो, दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत गर्भ अस्तरात पूर्ण बुडालेला असतो आणि वरून अस्तर बुजून येतं. बाकी बहुतेक प्राण्यांमध्ये इतकं खोल शिरणं नसतं, गाई-म्हशीची वार अस्तराला वरवर चिकटते, म्हणून आपल्या वारेबद्दल प्राण्यांवरून सगळं शिकता येत नाही, हा या अभ्यासातला मोठा अडथळा आहे.

आता प्रश्न हा की हे सगळं कळलं कसं, कारण या दिवसांत बाईला स्वतःलाच माहीत नसतं की दिवस गेलेत, पाळी चुकायची असते अजून. अमेरिकेत बॉस्टनजवळ जॉन रॉक हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आर्थर हर्टिग हे पॅथॉलॉजिस्ट, यांनी १९३८ पासून पंधरा एक वर्षं एक काम केलं. ज्या बायकांचं गर्भाशय काही आजारामुळे काढायचंच होतं अशा दोनशेच्या आसपास बायकांना त्यांनी पाळीच्या आणि संबंधाच्या तारखा लिहून ठेवायला सांगितल्या, आणि ऑपरेशननंतर काढलेलं गर्भाशय भिंगाखाली बोटभर बोटभर शोधलं. त्यातून त्यांना ३४ गर्भ मिळाले, सगळे सतरा दिवसांच्या आतले. पाठ्यपुस्तकात गर्भ राहिल्यानंतरच्या पहिल्या चौदा दिवसांची जी चित्रं आहेत त्यांचा मोठा आधार हे ३४ गर्भ आहेत. ते आजही कार्नेगी कलेक्शनमध्ये स्लाइड होऊन ठेवलेले आहेत. त्या बायकांना नेमकं काय काय सांगितलं गेलं, आजच्या नियमांनी असं करू दिलं असतं का, हे प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत, आजच्या एथिक्स कमिटीने याला सहज हो म्हटलं नसतं असं मला वाटतं. पण त्या बायकांनी दिलं म्हणून आपल्याला कळलं, हेही तितकंच खरं, आणि त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत. रॉक यांच्याच लॅबमध्ये मिरियम मेनकिन नावाची टेक्निशियन होती, तिने १९४४ मध्ये माणसाचं बीज काचेच्या भांड्यात फलित करून दाखवलं, जगात पहिल्यांदा. आमच्या कामातल्या नवीन मुलींना मी तिच्याबद्दल आवर्जून सांगते.

आठव्या-नवव्या दिवसापासूनच सिंसिशियममध्ये पोकळ्या पडतात आणि तेराव्या-चौदाव्या दिवसाच्या आसपास त्या पोकळ्यांमध्ये बोटांसारखे कोंब फुटायला लागतात, त्यांना व्हिलाय म्हणतात, एकाला व्हिलस. आधी कोंबात फक्त ट्रोफोब्लास्टच्या पेशी असतात, मग त्याच्या गाभ्यात सैल असा जोडणारा टिश्यू शिरतो, आणि वीस-एकवीस दिवसांना त्या गाभ्यात बाळाच्या रक्तवाहिन्या तयार होतात. बस, हाच वारेचा मूळ नमुना. इथून पुढे नऊ महिने हेच कोंब फाटे फुटत फुटत वाढतात, पूर्ण दिवस भरल्यावर वार साधारण अर्ध्या किलोची, वीत भर रुंद असते पण तिच्यातल्या सगळ्या व्हिलायचा पृष्ठभाग उलगडून पसरला तर बारा-चौदा चौरस मीटर भरतो, म्हणजे घरातली एक चांगली मोठी खोली.

आमच्या डब्यातला भाग वॉच ग्लासमध्ये पाणी घेऊन त्यात सोडला की हे व्हिलाय साध्या डोळ्यांनीही दिसतात, पांढरट, बारीक, तंतू तंतू सुटलेले, आणि बाजूचं अस्तर मात्र लालसर आणि सपाट राहतं. स्लाइडवर तर अजूनच सुंदर. प्रत्येक व्हिलसला बाहेरून गडद रंगाचा सिंसिशियमचा थर, त्याच्या आत फिकट चौकोनी पेशींची ओळ, मधे सैल गाभा आणि गाभ्यात बारीक रक्तवाहिन्या. आठ-नऊ आठवड्यांच्या व्हिलसमध्ये बाळाच्या लाल पेशींना न्यूक्लियस दिसतात, तुमच्या माझ्या लाल पेशींना नसतात, पुढे पुढे तसल्या पेशी कमी होत जातात, त्यामुळे अनुभवी डोळ्याला साधारण किती आठवड्यांचं आहे याचा अंदाज येतो. आणि या व्हिलायचा रिपोर्टमध्ये एक फार मोठा अर्थ आहे जो लोकांना कोणी सांगत नाही. पिशवीतून काढलेल्या भागात व्हिलाय दिसले म्हणजे गर्भ गर्भाशयातच होता. टेस्ट पॉझिटिव्ह होती, पिशवी साफ केली, पण स्लाइडवर व्हिलाय कुठेच नाहीत, तर गर्भ गर्भाशयाबाहेर बीजवाहक नळीत तर नाही ना ही शंका घ्यावीच लागते, आणि नळीतला गर्भ फुटला तर जीवावर येतं. म्हणून असा रिपोर्ट कपाटात ठेवायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचा, पोटात दुखत असो किंवा नसो.

आता मी सुरुवातीला जे म्हटलं त्याकडे येते. सगळ्या व्हिलायपैकी काही व्हिलाय पोकळीत तरंगत असतात आणि काही आईच्या अस्तराला जाऊन घट्ट रुततात. रुतलेल्या व्हिलायच्या टोकापासून ट्रोफोब्लास्टच्या पेशी सुटतात आणि आईच्या अस्तरात चालत निघतात. त्या कुठे जातात, तर अस्तराला रक्त पुरवणाऱ्या नागमोडी धमन्यांकडे, स्पायरल आर्टरी म्हणतात त्यांना. आणि तिथे पोचून त्या धमन्यांच्या तोंडात चक्क बूच होऊन बसतात. आईचं रक्त धमनीपर्यंत येतं पण बुचामुळे लाल पेशी वारेच्या पोकळीत जवळपास शिरत नाहीत, आत जे झिरपतं ते बरंचसं पाण्यासारखं असतं. बेल्जियमच्या हस्टिन आणि शाप्स यांनी १९८७ मध्ये हे ठामपणे मांडलं तेव्हा बऱ्याच लोकांना पटलं नव्हतं, कारण सगळे असंच धरून चालले होते की वार म्हणजे पहिल्या दिवसापासून रक्ताने भरलेली. मग लंडनचे एरिक जॉनियॉ आणि केंब्रिजचे ग्रॅहम बर्टन यांच्या टीमने थेट ऑक्सिजन मोजला, त्याचा पेपर २००० साली आला. आठ आठवड्यांना वारेतला ऑक्सिजनचा दाब २० मिलिमीटरपेक्षा कमी, आणि बारा आठवड्यांना ५० च्या वर. म्हणजे चार आठवड्यांत दुपटीपेक्षा जास्त, कारण दरम्यान बूच सैल होऊन निघून गेले. आता नवीन सोनोग्राफीच्या अभ्यासांवरून असंही दिसून राहिलं आहे की बूच एकदम निघत नाहीत, सहा-सात आठवड्यांपासूनच त्यांच्यातून बारीक बारीक वाटा व्हायला लागतात. पण खरा प्रवाह बारा आठवड्यांच्या आसपासच सुरू होतो, हे चित्र कायम आहे.

ऑक्सिजन अडवून ठेवायचा काहून? ऑक्सिजन तर चांगला ना. पण ऑक्सिजनसोबत फ्री रॅडिकल्स येतात, आणि ते आवरायची एन्झाइम या दिवसांत वारेच्या थरात फार कमी असतात. बाळाचे अवयव याच आठवड्यांत घडत असतात, हृदय, मेंदू, हात-पाय सगळं, आणि अशा वेळी पेशींना कमी ऑक्सिजनच मानवतो. मग त्याचं पोट भरतं कसं, तर गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथींमधून एक पौष्टिक स्राव निघतो, तो थेट वारेच्या पोकळीत येतो आणि सिंसिशियम तो शोषून घेतं. म्हणजे पहिले तीन महिने बाळ आईच्या रक्तावर कमी आणि या स्रावावर जास्त जगतं. एक गोष्ट यातून समजून घ्या, पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांमुळे जेवण जात नाही म्हणून बाळाचं कसं होईल असं रडकुंडीला येणाऱ्या पोरी असतात, तर साधारण मळमळ-उलटीत बाळ उपाशी राहत नाही. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी होत असेल, तर मात्र लगेच दवाखान्यात जायचं, तो वेगळा विषय आहे.

बूच म्हणून बसलेल्या या पेशींचं खरं मोठं काम अजून राहिलेलं असतं. त्या धमनीच्या भिंतीत शिरतात, तिथले स्नायू हटवतात आणि अरुंद, आकसणाऱ्या धमनीला रुंद सैल नळी करून टाकतात. ही का गरज, तर मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरताना पाइपचं तोंड बोटाने दाबून पाहा, पाणी पिचकारीसारखं जोरात जातं आणि समोरचं सगळं उडवतं, बोट काढलं की तेच पाणी संथ पडतं. धमनीचं तोंड रुंद झालं की आईचं रक्त व्हिलायवर हळू येतं, त्यांच्याभोवती फिरायला वेळ मिळतो. अरुंदच राहिलं तर रक्त जोरात आदळतं, नाजूक व्हिलाय मोडतात, आणि स्नायू शिल्लक असल्यामुळे ती धमनी मधेच आकसते, रक्त कधी येतं कधी थांबतं. असा त्रास झालेली वार आईच्या रक्तात अशा गोष्टी सोडते ज्यामुळे आईच्या शरीरभरच्या रक्तवाहिन्या बिघडतात, बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जातं. हाच प्रीएक्लॅम्प्सिया. इवो ब्रोसेन्स आणि त्यांच्या साथीदारांनी १९६० आणि ७० च्या दशकात गर्भाशयाचे तुकडे तपासून दाखवलं की नॉर्मल गरोदरपणात हा बदल धमनीत खोल, थेट स्नायूच्या थरापर्यंत जातो आणि प्रीएक्लॅम्प्सियात वरच्या अस्तरातच थांबतो. बीपी दिसतं वीस आठवड्यांनंतर, बऱ्याचदा तर आठव्या महिन्यात, आणि त्याचं मूळ असतं त्या आठवड्यांत जेव्हा पोट दिसतही नसतं.

या पेशी शिरतात ते आईच्या शरीरात, अर्ध्या परक्या जीन्ससह, आणि आईची इम्युनिटी त्यांना मारत नाही. उलट या काळात अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ७० टक्के एका खास प्रकारच्या एनके, म्हणजे नॅचरल किलर, पेशी असतात, त्या मारायच्या ऐवजी शिरायला मदत करतात, किती खोल जायचं ते ठरवण्यात भाग घेतात. यावर २०१८ हे वर्ष फार मोठं ठरलं. रोझर वेंतो-तोर्मो आणि केंब्रिजच्या टीमने पहिल्या तिमाहीतल्या वारेच्या आणि अस्तराच्या सुमारे ७० हजार पेशी एकेक करून वाचल्या, कोणती पेशी कोणते जीन्स चालू ठेवते आणि शेजारणीशी काय बोलते ते. त्याच वर्षी मार्गेरिटा टर्को यांच्या टीमने वारेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढणारे छोटे ऑर्गनॉइड तयार केले, ते एचसीजी सुद्धा बनवतात, म्हणजे आता पहिल्या आठवड्यांमध्ये काय होतं ते कुठल्याही बाईला हात न लावता पाहता येतं. मला ही सगळ्यात आशेची गोष्ट वाटते.

विदर्भात या विषयाचा एक वेगळाच संबंध आहे, तो म्हणजे सिकलसेल. हा लाल पेशींचा आई-बापाकडून येणारा आजार आहे, एकाकडूनच जीन आला तर रिपोर्टमध्ये एएस, म्हणजे वाहक, आणि दोघांकडून आला तर एसएस, म्हणजे आजार असलेला. आपल्याकडं घरोघरी कोणीतरी एएस निघतं. नवरा-बायको दोघंही एएस असतील तर दर खेपेला बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. हे गरोदरपणातच कळू शकतं, आणि ते कळतं वारेवरून. साधारण अकरा ते चौदा आठवड्यांमध्ये सोनोग्राफीत बघत बघत सुईने व्हिलायचा छोटा तुकडा घेतात, सीव्हीएस म्हणतात त्याला. व्हिलाय बाळाच्याच पेशींपासून बनलेले असल्यामुळे त्यांचा डीएनए पाहिला की बाळाचा डीएनए कळतो. लॅबमध्ये यातलं नाजूक काम म्हणजे भिंगाखाली आईच्या अस्तराचा एक एक कण बाजूला काढायचा, कारण तो राहिला तर बाळाऐवजी आईचाच रिपोर्ट निघेल. याच तुकड्यात मुलगा-मुलगी सुद्धा कळतं आणि ते सांगणं-विचारणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून हे फक्त नोंदणी असलेल्या सेंटरमध्ये, फॉर्म भरूनच होतं. महत्त्वाचं हे की या टेस्टला वेळेची मर्यादा आहे. चौथ्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात गेलं तर सीव्हीएसची वेळ निघून गेलेली असते, मग नंतरचं पोटातलं पाणी काढून बघणं उरतं आणि निर्णयाला वेळ कमी पडतो. एसएस असलेली बाई स्वतः गरोदर असेल तर तिला प्रीएक्लॅम्प्सिया आणि बाळाची वाढ कमी राहणं या दोन्हीचा धोका जास्त असतो, म्हणून तिने तर पहिल्या महिन्यापासून मोठ्या दवाखान्याशी जोडलेलं असावं.

वारेच्या सुरुवातीच्या आठवड्यांना हात घालणारा एक मोठा अभ्यास आपल्या नागपूर भागातही झाला, आणि याचं मला खूप अप्रूप आहे. लो डोज ॲस्पिरिनचा. सहा देशांत सात ठिकाणी, त्यात भारतातली दोन, बेळगाव आणि नागपूर. पहिल्यांदा आई होणाऱ्या ११,९७६ बायका, अर्ध्यांना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि सुरुवात कधी, तर सहा ते चौदा आठवड्यांच्या मधे, म्हणजे बूच बसलेले असताना, धमन्या बदलत असताना. २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला, ३७ आठवड्यांआधी बाळंत होण्याचं प्रमाण गोळी न मिळालेल्यांमध्ये १३.१ टक्के होतं ते गोळीवाल्यांमध्ये ११.६ वर आलं. ऐकायला फरक लहान वाटतो, पण गोळी अगदी स्वस्त आहे आणि बायका लाखो. त्याआधी २०१७ मध्ये मुख्यतः युरोपमधल्या दुसऱ्या अभ्यासात, जास्त धोका असलेल्या बायकांना अकरा ते चौदा आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर, दिवस भरण्याआधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आला होता. आता हे वाचून मेडिकलमधून गोळी आणून सुरू करू नका प्लीज, कोणाला द्यायची, किती आणि कधी बंद करायची हे डॉक्टरच ठरवतील, पण पहिल्या बाळंतपणात बीपी होतं, जुळी आहेत, शुगर किंवा किडनीचा त्रास आहे, असं काही असेल तर तिसरा महिना संपायच्या आत हा विषय स्वतःहून काढा. सोळा आठवड्यांच्या नंतर सुरू केलं तर तितका उपयोग होताना दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की नाव लवकर नोंदवा. आपल्याकडं तिसरा महिना संपेपर्यंत कोणाला सांगायचं नाही ही पद्धत आहे, शेजाऱ्यांना नका सांगू, पण आशाताईला आणि डॉक्टरला सांगा. नागपुरातलं डागा असो, मेडिकल असो, मेयो असो की गावचं पीएचसी, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, पण नाव नोंदवायला आणि सिकलसेलच्या टेस्टचं विचारायला तोपर्यंत थांबू नका.

सोनोग्राफीच्या रिपोर्टबद्दलही थोडं. सुरुवातीच्या रिपोर्टमध्ये प्लॅसेंटा लिहिलेलाच नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. आधी कोंब सगळ्या बाजूंनी सारखे असतात, नंतर एका बाजूचे वाढतात आणि बाकीचे झिजून गुळगुळीत पडदा होतो, वेगळी वार दिसायला साधारण नऊ-दहा आठवडे लागतात. आणि वार खाली आहे असं पाचव्या महिन्यात लिहून आलं तर बहुतेक बायकांमध्ये गर्भाशय वाढेल तशी ती वर सरकलेली दिसते, म्हणून शेवटच्या तिमाहीत परत पाहतात. फक्त आधी सिझर झालेलं असेल आणि वार त्या टाक्याच्या जागेवर असेल तर सिरियसली घ्या, तिथे अस्तर नीट नसतं आणि पेशींना थांबवणारं कोणी नसल्यासारखं होतं, त्या खोल स्नायूत रुतून बसतात, अशी बाळंतपणं रक्ताची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटललाच झाली पाहिजेत.

आणि ज्यांचा गर्भ पडून जातो त्यांच्यासाठी. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याहून जास्त वेळा गर्भाच्या क्रोमोझोममध्येच चूक असते, ती बीज किंवा शुक्राणू बनताना नाहीतर पहिल्या एक-दोन विभाजनांत झालेली, पपईचा, स्कूटीचा, बादलीचा त्याच्याशी काही संबंध नाही. अशा बऱ्याच गर्भांमध्ये वारेचे बूच कमकुवत दिसतात, आईचं रक्त वेळेआधी आत घुसतं आणि कोवळे व्हिलाय ते सहन करू शकत नाहीत. दोन-तीनदा असं झालं असेल तर डॉक्टर त्या टिश्यूची क्रोमोझोम तपासणी सुचवू शकतात, आणि इथे एक गोष्ट आमच्या लॅबमध्ये वारंवार अडते. फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे टिश्यू टिकवायच्या द्रवात, टाकलेला भाग स्लाइडसाठी चालतो, पण फॉर्मेलिनने पेशी मरतात, मग त्या वाढवून क्रोमोझोम बघता येत नाहीत. त्या टेस्टसाठी थोडा भाग वेगळ्या स्वच्छ डब्यात नॉर्मल सलाइनमध्ये, लवकरात लवकर पाठवावा लागतो. म्हणून पिशवी साफ करायच्या आधीच डॉक्टरला किंवा सिस्टरला विचारा की दोन डबे करायचे आहेत का, आणि दोन्हीवर नाव आणि तारीख लिहिलेली आहे का ते नवऱ्याला किंवा सोबत असेल त्याला पाहायला सांगा.